पोळ्या लाटणाऱ्या बायकांना सुट्टीच्या दिवशी कोणता सिनेमा दाखवू?

नौपाड्याची काकू

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. येत्या अक्षय्य तृतीयेला ११ वर्षं पूर्ण होतील. माझ्याकडे पाच जणी आहेत. दोघी पोळ्यांवर, एक भाजी-आमटीवर, एक चिरणं, कोशिंबीर आणि पार्सल बघते, एक भांड्यांवर. सोमवारी आमची सुट्टी. वर्षातून एका सोमवारी मी पाचही जणींना घरी बोलावते. त्या दिवशी त्यांनी कशाला हात लावायचा नाही. जेवण बाहेरून येतं, ताटं मी उचलते, आणि जेवणं झाली की हॉलमध्ये सतरंजी टाकून सगळ्या मिळून सिनेमा बघतो.

मागच्या वर्षी मुद्दाम स्वयंपाकाचा सिनेमा लावला. नाव सांगत नाही, पुष्कळांना तो आवडलेला आहे. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, आमच्या पोळ्यांच्या मावशी म्हणाल्या, "ताई, हिने एवढी कणीक मळली, मग हिच्या बांगड्यांना पीठ कुठाय?"

झालं. त्यानंतर मलाही दुसरं काही दिसेना. परातीच्या कडा लख्ख. ओट्यावर तेलाचा एक थेंब नाही. कढईतली भाजी थेट नक्षीच्या बाउलमध्ये, आणि ती कढई पुढच्या दृश्यात परत चकचकीत टांगलेली. ती घासली कुणी, हे विचारायला आमची भांड्यांवरची ताई समोरच बसली होती. ती काही बोलली नाही, पण मध्येच झोपली. रोज पहाटे पाचला दिव्याहून गाडी पकडणारी बाई, झोपली तर झोपू दे म्हटलं, पण मनाला लागून राहिलं.

मावशी रोज साडेतीनशेच्या आसपास पोळ्या लाटतात. उजव्या मनगटाला पट्टा असतो, संध्याकाळी तो काढला की खाली कातडी पांढरी पडलेली असते. अशा बाईला स्वयंपाकाचा सिनेमा दाखवायचा तर तो खोटा असून चालणार नाही.

दुसरी अडचण म्हणजे पाचातल्या तिघींना भरभर वाचता येत नाही, त्यामुळे खाली पट्टी वाचत बघायचा सिनेमा नको. मराठी किंवा हिंदी हवा. आणि शेवटी बाईला अन्नपूर्णा म्हणून हात जोडणारा तर नकोच. तेवढं ऐकायला त्यांना माझं केंद्र पुरे आहे, गिऱ्हाईकं रोज म्हणतात. साडेपाचला दोघींना गाडी गाठायची असते, म्हणून फार लांबही नको. सुचवा.

ऐरोलीचा प्रेक्षक

काकू, पहिलं नाव डोळे झाकून 'द लंचबॉक्स' (२०१३). दिग्दर्शक रितेश बत्रा. इरफान खान, निम्रत कौर, नवाजुद्दीन सिद्दिकी. नवऱ्यासाठी केलेला डबा चुकून भलत्याच माणसाच्या टेबलावर जातो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात, एवढीच गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी आहेत, भारती आचरेकर. त्या पूर्ण सिनेमात एकदाही दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, आणि खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येते. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मराठीत हवा असेल तर 'गुलाबजाम' (२०१८), सचिन कुंडलकरांचा. लंडनमधली नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्यात आलेला मुलगा, आणि डबे करून देणारी राधा. सोनाली कुलकर्णी आणि सिद्धार्थ चांदेकर. पदार्थ फार देखणे टिपलेत. फक्त तुमच्या मावशींची नजर बघता तो देखणेपणाच आडवा येईल की काय, अशी शंका वाटते. राधा स्वभावाने सरळसोट नाही, तिला पटकन माया लावून घेता येत नाही, हे मात्र मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं.

कळवा पूर्व

'स्टॅनली का डब्बा' (२०११) बघा. अमोल गुप्ते. वर्गातल्या मुलांचे डबे खाणारा शिक्षक, आणि डबा न आणणारा एक मुलगा. तो डबा का आणत नाही हे शेवटी कळतं. सांगत नाही. माझ्या आईने घरोघरी स्वयंपाक करून आम्हाला शिकवलं. तो शेवट बघताना ती उठून आत गेली होती. तुमच्याकडच्या बायकांची मुलं शाळेत असतील तर आधी विचार करा, सुट्टीच्या दिवशी जड होईल.

वाशीचा आचारी

काकू, मी वाशीत एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. १४ वर्षं झाली, सुरुवात कांदे सोलण्यापासून, आता इंडियनचा सेक्शन बघतो. तुमच्या मावशींनी जे पकडलं ते आम्हीही पकडतो. सिनेमातला माणूस खरंच काम करतो का, हे तोंडाकडे बघून कळत नाही. फडकं कुठे आहे ते बघायचं. किचनमध्ये उभ्या माणसाच्या खांद्यावर नाहीतर कमरेला फडकं असतंच, आणि दर मिनिटाला हात तिथे जातो, त्याला स्वतःला कळतही नाही. ज्या सिनेमात हात फडक्याकडे जात नाही, तिथे नटाच्या हातात नुसता झारा दिलेला असतो.

भाषेच्या अडचणीवर एक सुचवतो. पूर्ण सिनेमा नका दाखवू. ज्यात बोलणंच नाही असे तुकडे दाखवा.

पहिला तुकडा 'ईट ड्रिंक मॅन वुमन'ची सुरुवात. अँग ली, १९९४. तैपेईमधला म्हातारा मुख्य आचारी, रविवारी तीन मुलींसाठी घरी जेवण करतो. सुरुवातीची काही मिनिटं नुसतं काम चालतं. मासा साफ करणं, पीठ लावून तेलात सोडणं, वरून पळीने तेल घालत राहणं, भाजी चिरणं. सुरीचा आवाज ऐका. आमच्याकडे नवीन पोरगा आला की मी पाठमोरा उभा राहून त्याच्या सुरीचा आवाज ऐकतो. एकसारखा येत असेल तर बोटं शाबूत राहणार. त्या म्हाताऱ्याची जिभेची चव गेलेली असते, पुढे कळतं. हातांना सगळं येतं, पण चव दुसऱ्याला विचारावी लागते. ही गोष्ट मी खरी बघितली आहे. माझ्या उस्तादांना शेवटच्या वर्षांत मीठ कळायचं नाही. ते चमचा माझ्याकडे करायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी "ठीक" म्हटलं तरी चेहरा बघून ते अजून अर्धी चिमूट टाकायचे, आणि ते बरोबर असायचं.

त्याच सिनेमात रविवारचं जेवण टाकून त्याला हॉटेलवर धावावं लागतं, कारण मोठ्या मेजवानीत शार्क माशाच्या परांचा पदार्थ फसलेला असतो. तो जातो, बघतो, आणि त्याच मालाचा दुसराच पदार्थ करून बाहेर पाठवतो. आमच्याकडे एकदा ३०० माणसांच्या लग्नाला ग्रेव्ही खाली लागली होती. ढवळलं असतं तर सगळीच गेली असती. उस्तादांनी हात धरला, वरची वरची ग्रेव्ही न हलवता दुसऱ्या पातेल्यात काढून घेतली, त्यात भाजलेली कसुरी मेथी टाकली आणि कॅप्टनला म्हणाले, आता नाव बदलून वाढ. बाहेर कुणाला पत्ता लागला नाही. आत आम्ही दोन पोरं ते जळलेलं पातेलं रात्री दीडपर्यंत घासत होतो.

दुसरा तुकडा 'बिग नाइट'चा शेवट. १९९६, स्टॅनली टुची आणि कॅम्पबेल स्कॉट. अमेरिकेत हॉटेल काढलेले दोन इटालियन भाऊ. मोठा आचारी आहे, चवीपुढे गिऱ्हाईकाचंही ऐकत नाही. धाकटा गल्ला सांभाळतो. धंदा बुडत चाललाय. एक नावाजलेला गायक जेवायला येणार म्हणून उरलेसुरले पैसे घालून मोठी मेजवानी करतात. तो येतच नाही. रात्री दोघा भावांचं कडाक्याचं भांडण होतं. आणि सकाळी धाकटा किचनमध्ये येऊन ऑम्लेट करतो. कॅमेरा एका जागी, मध्ये कट नाही, जवळपास पाच मिनिटं, बोलणं अगदी एखादा शब्द. अंडी फोडतो, फेटतो, तेल तापवतो, टाकतो, थांबतो. त्या थांबण्यासाठी बघा. सिनेमात कुणी थांबत नाही, चिरलं की लगेच शिजतं. खऱ्या किचनमध्ये अर्धं काम थांबण्याचं असतं.

'बॉयलिंग पॉइंट' (२०२१) दाखवू नका. लंडनच्या एका हॉटेलातली एक रात्र, दीड तास सलग एकाच शॉटमध्ये. आमच्या किचनचा इतका खरा सिनेमा दुसरा नाही. मी दोन वेळा मध्येच बंद केला, कारण छातीत धडधडायला लागलं. केओटी, म्हणजे गिऱ्हाईकाच्या ऑर्डरची चिठ्ठी, छापणाऱ्या मशीनचा आवाज सुट्टीतही ऐकायचा नसतो.

नेरुळची शिक्षिका

'द ग्रेट इंडियन किचन'चं नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? जिओ बेबी, २०२१, मल्याळम. नवीन लग्न झालेली मुलगी आणि एक स्वयंपाकघर. सासऱ्यांना चटणी पाट्यावर वाटलेलीच लागते, भात कुकरमध्ये शिजवलेला चालत नाही, चुलीवरचा हवा. आणि सिंकखालचा पाइप गळतोय. नवऱ्याला ती रोज सांगते, प्लंबर काही येत नाही. बोलणं मुळात कमी आहे, त्यामुळे भाषा न कळताही समजतो. आणि याचा हिंदी अवतार आहे, 'मिसेस', आरती कडव यांचा, सान्या मल्होत्राचा. म्हणजे काकूंची पट्टीची अडचणही सुटली. कढई घासली कुणी हा तुमचा प्रश्न ना, हा अख्खा सिनेमा त्याच प्रश्नावर उभा आहे. मला तर वाटतं, तुमच्या पाच जणींसाठीच हा आहे.

नौपाड्याची काकू

सगळ्यांचे आभार. शिक्षिकाबाई, तुमचं वाचून मी 'मिसेस' रात्री एकटीने पाहिला. पाहून झाल्यावर उठून माझ्या सिंकखाली टॉर्च मारून बघितलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, सिनेमा खोटा नाही.

पण दाखवू की नको यावर मी अडले, म्हणून भांड्यांवरच्या ताईंना विचारलंच. गोष्ट थोडक्यात सांगितली. त्या पातेलं विसळता विसळता ऐकत होत्या. म्हणाल्या, "ताई, ती पोरगी शेवटी घरातून जाते ना? बरं झालं. पण मला नका दाखवू. घाणीचं पाणी मी सहा दिवस बघते." आणि मग थोड्या वेळाने, हात पुसून झाल्यावर, "माझ्या लेकीला दाखवा. तिचं यंदा ठरेल."

तेव्हा मुलीला मी वेगळी बोलावणार आहे. सोमवारी मात्र तो नाही.

नेरुळची शिक्षिका

काकू, हे मला सुचलं नव्हतं. मी शाळेत शिकवते, घरी भांड्यांना बाई आहे. मी तो सिनेमा खुर्चीत बसून पाहिला आणि मला वाटलं प्रत्येकीने पाहावा. ताईंचं बरोबर आहे.

एक दुसरं सांगते, पटलं तर घ्या. आमच्या शेजारी एक मल्याळी कुटुंब आहे. त्यांच्या आजींनी आम्हाला 'उस्ताद हॉटेल' (२०१२) दाखवला. कोळिकोडच्या किनाऱ्यावर हॉटेल चालवणारे आजोबा, आणि परदेशात शेफचं शिक्षण घेऊन आलेला नातू. थिलकन आणि दुल्कर सलमान. आजोबा बिर्याणी शिकवण्याआधी नातवाला पोती उचलायला आणि झाडू मारायला लावतात. आम्हाला मल्याळम येत नाही, म्हणून आजी सोफ्याच्या कडेवर बसून प्रत्येक वाक्य मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होत्या. माझी आई श्रावणात पोथी वाचायची तेव्हा शेजारच्या बायका अशाच ऐकत बसायच्या, वाचता न येणाऱ्या निम्म्या असायच्या. कुणाचं काही अडायचं नाही. तुम्ही पट्टी मोठ्याने वाचा, मराठीत सांगा. त्याला वेळ लागला तरी चालतो. थांबवायचं बटण आहेच.

ऐरोलीचा प्रेक्षक

हे उत्तम. आणि एक राहिलं होतं, 'लंचबॉक्स' जरी हिंदी असला तरी इरफानच्या चिठ्ठ्या बऱ्याचशा इंग्रजीत आहेत. म्हणजे तो लावलात तरी तेवढ्यापुरती पोथी तुम्हाला वाचावीच लागेल.

नौपाड्याची काकू

झाला आमचा सोमवार. आज केंद्र आवरून निवांत लिहायला बसले आहे.

आचारीभाऊ, आधी तुमचं ऑम्लेट लावलं. गोष्ट मी दोन वाक्यांत सांगून ठेवली होती, की दोन भाऊ आहेत, पैसा गेलाय, रात्री भांडलेत. भाजीवाल्या वहिनींचा सोमवार होता. त्या म्हणाल्या, बघायला काय हरकत आहे, मी खात थोडीच आहे. मग पाच मिनिटं हॉलमध्ये आवाज नाही. पंखा तेवढा ऐकू येत होता.

तो अंडी फेटत होता तेव्हा मावशी पुढे सरकून बसल्या. तेल तापायची वाट बघत तो उभा राहिला तेव्हा त्यांनी मान हलवली, तवा नीट तापला की पोळी टाकण्याआधी हलवतात तशी. मग त्याने तिघांचे वाटे केले. एक तिथे काम करणाऱ्या पोऱ्याला, एक स्वतःला, एक तसाच ठेवला. मोठा भाऊ अजून आलेलाच नव्हता. तो आला, याने उठून ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं, आणि खाता खाता दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले.

मी टीव्ही थांबवला. पार्सलवाली आमच्यातली सगळ्यात लहान, ती म्हणाली, "एवढंच? बोलले कुठे ते?" मावशी म्हणाल्या, "वाढलं की. अजून काय बोलायचं?" आणि मग, "त्याचा वाटा आधीच काढून ठेवला होता, बघितलंस ना?" मी ते दृश्य आधी दोनदा बघितलं होतं. तिसरा वाटा भाऊ यायच्या आधीचा आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मावशी स्वतः गेली नऊ वर्षं दोन पोळ्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवतात, नवऱ्यासाठी. तो कधी येतो, कधी येत नाही.

मग 'लंचबॉक्स'. चिठ्ठ्या मी थांबवून थांबवून मराठीत सांगितल्या. पहिल्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो आणि इलाला वाटतं नवऱ्याला आवडलं, तिथे सगळ्याच जणी एकदम बोलायला लागल्या. आमच्याकडेही डबे परत येतात. कुणाचा कसा येतो हे भांड्यांवरच्या ताईंना पाठ आहे, आणि मला ते अकरा वर्षांत माहीतच नव्हतं. त्या सांगायला लागल्या. पाचपाखाडीच्या आजोबांचा डबा धुऊन येतो, पण झाकणाच्या खाचेत वरण असतं, म्हणजे हात थरथरतात. एका ऑफिसचे चार डबे येतात, त्यात एकात भेंडी नेहमी तशीच. आणि एक डबा महिनाभर अर्धा भरलेला परत येत होता, मग बंद झाला. "तेव्हाच सांगणार होते तुम्हाला," म्हणाल्या, "पण तुम्ही हिशोबात होतात."

सिनेमात तो इरफान पहिल्याच चिठ्ठीत लिहितो की आज मीठ जास्त झालं. यावर मावशींचं आणि वहिनींचं वाजलं. वहिनींचं म्हणणं, परक्या बाईच्या हातचं फुकट खाल्लं आणि मीठ काढतो? मावशींचं म्हणणं, खाल्लं म्हणून तर सांगितलं, न सांगणारे जास्त वाईट. देशपांडे आंटींचा आवाज आला की दोघी गप्प व्हायच्या, आणि टोपलीतून मिरच्या खाली आल्या तेव्हा तर टाळ्या पडल्या.

दिव्याच्या ताई या वेळी झोपल्या नाहीत. साडेपाचची गाडी चुकली, सहा दहाची मिळाली.

आजपासून एक बदल केलाय. रिकामे डबे आले की ताईंनी आधी बघायचे, मग घासायचे, आणि काही वेगळं दिसलं तर माझ्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर खूण करायची. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून गिऱ्हाइकांच्या नंबरांपुढे टिंब. एक टिंब म्हणजे उरलं, दोन म्हणजे फार उरलं. आज तीन नंबरांपुढे टिंबं आहेत. पाचपाखाडीच्या आजोबांचं वरण उद्यापासून फिरकीच्या डब्यात देणार आहे, झाकण घट्ट नको.

वाशीचा आचारी

काकू, तिसरा वाटा मीही इतक्या वेळा बघून असा बघितला नव्हता. मावशींना माझा नमस्कार सांगा. आमच्या किचनमध्ये रात्री स्टाफचं जेवण निघतं तेव्हा भांड्यांवरच्या पोरांचं ताट सगळ्यात शेवटी लागतं. काल मी ते आधी काढून झाकून ठेवलं.

पूर्ण 'बिग नाइट' दाखवणार का त्यांना?

नौपाड्याची काकू

हो. मावशींनीच विचारलं, की ते भाऊ भांडले कशावरून, आणि आधीच्या रात्री केलं काय काय होतं. पुढच्या महिन्यातला दुसरा सोमवार ठरलाय. पट्टी वाचायला मी आहे. वहिनी म्हणाल्यात, त्या दिवशी उपास सोडून येते.